चतुराची कात वाचायला शिकले ते दोन दिवस

चवथ आटोपली की आमच्या गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या कुळागरातली (पोफळीच्या बागेतली) तळी दरवर्षी घासून निघते. पाणी अर्ध्यावर उतरवायचे आणि भिंतीवरचे शेवाळ खराट्याने खरवडायचे. त्या शेवाळाबरोबर पाण्याच्या वर वीतभर उंचीवर चिकटलेली तपकिरी, पोकळ, सहा पायांची कवचेही खाली पडायची. लग्न होऊन आल्याला 27 वर्षे झाली. इतकी वर्षे मी त्यांना मेलेले किडे समजत होते. आणि मी काम करते ते फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत! झुरळाचे मुखावयव दरवर्षी मुलांसमोर मांडून ठेवणाऱ्या मला स्वतःच्या तळीवर काय चिकटले आहे ते माहीत नसावे, याचे मला मनापासून वाईट वाटले. म्हणूनच शिक्षकांच्या गटावर 'चतुर व टाचणी : अळ्या आणि कात यांचे सर्वेक्षण' या शिबिराची सूचना आली, तेव्हा त्याच संध्याकाळी पैसे भरले.

शिबिर ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी सत्तरी तालुक्यात, एका खाजगी कुळागरातल्या घरात झाले. राहणे-जेवण धरून 2,200 रुपये. आम्ही सोळा जण होतो. शिकवायला एक सर आणि पाण्यातल्या कीटकांवर संशोधन करणारी एक मुलगी. जाऊन आल्यावर बऱ्याच जणांनी विचारले की पैसे वसूल होतात का, आणि जीवशास्त्राशी संबंध नसलेल्याला झेपेल का. म्हणून हे सविस्तर लिहिते.

ज्यांना अजिबात माहिती नाही त्यांच्यासाठी एवढे सांगते. चतुर आणि त्याची बारीक चुलत बहीण टाचणी, दोघांचेही बालपण पाण्यात जाते. अळी वाढते तशी पुन्हा पुन्हा कात टाकते आणि शेवटची कात टाकायला पाण्याबाहेर येते. दगडावर, गवताच्या पात्यावर, आळूच्या पानामागे किंवा आमच्या तळीच्या भिंतीवर ती घट्ट पकड घेते. मग पाठीवर चीर पडते, त्यातून पंखवाला चतुर बाहेर येतो आणि कवच मागे राहते. मराठीत सापाच्या टाकलेल्या कातडीला कात म्हणतात. शिबिरात सरांनी यालाही तोच शब्द वापरला आणि सगळ्यांच्या तोंडी तो लगेच बसला.

शनिवारी सकाळी सहाला आम्ही व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर होतो. चार-चार जणांचे गट केले होते. प्रत्येक गटाला काठाचा दहा मीटरचा पट्टा आणि अर्धा तास. पहिल्या अर्ध्या तासात आमच्या गटाला चारच काती मिळाल्या. सर आले आणि काही न बोलता आमच्या पट्ट्यात उकिडवे बसले. मान वाकडी करून त्यांनी शेरणीच्या झुडपाकडे खालून वर पाहिले आणि म्हणाले, "हांगा पळयात." पानांच्या खालच्या बाजूला एका ओळीत तीन काती होत्या. आम्ही उभ्याने, वरून पाहत होतो. कात मात्र पावसापासून आणि पक्ष्यांपासून आडोशाला असते, पानाखाली, मुळांच्या जाळीत, दगडाच्या पोटाला. त्यानंतर त्याच पट्ट्यात आणखी 19 मिळाल्या. तुम्ही पुढच्या तुकडीला जाल तेव्हा गुडघ्यांची तयारी ठेवा, खरे शिक्षण बसून पाहण्यात आहे.

पट्ट्यातली सापडेल ती प्रत्येक कात उचलायची, एकही मागे ठेवायची नाही. मला आधी हे पटले नाही, निसर्गातली वस्तू निसर्गात राहू द्यावी असे वाटले. पण कारण ऐकले आणि पटले. या खेपेला सगळ्या उचलल्या तरच पुढच्या खेपेला मिळणाऱ्या काती नव्या, हे नक्की होते. कातीत जीव नसतो, त्यामुळे कोणाला इजा होत नाही. अळ्या पकडून मारण्यापेक्षा ही पद्धत मला शंभरपट बरी वाटते. त्याच वेळी सरांनी एक ताकीदही दिली. म्हादई, बोंडला, नेत्रावळी अशा कोणत्याही अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय कातसुद्धा उचलायची नाही. शिबिर खाजगी कुळागरात ठेवले होते ते त्यामुळेच.

प्रत्येक कातीबरोबर चिठ्ठी ठेवायची. तीवर तारीख, जागा, पाण्यापासूनची उंची, कशावर चिकटली होती आणि कोणी उचलली. चिठ्ठी शिसपेन्सिलीनेच लिहायची, कारण नमुना पुढे अल्कोहोलात ठेवला तर शाई विरघळते. प्रयोगशाळेत मी हे गेली कित्येक वर्षे करते आहे. ते इथे उपयोगी पडले याचा आनंद झाला.

नाश्त्याला पातळभाजी-पाव खाऊन आम्ही पडवीत बसलो आणि शिबिराचा उत्तम भाग सुरू झाला. प्रत्येकाला एक कात, एक दहापट दाखवणारे भिंग, दोन टाचण्या आणि वाटीभर कोमट पाणी दिले. वाळलेली कात हात लावताच मोडते. दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवली की ती ओल्या कागदासारखी लवचीक होते. मग पाठीवरच्या चिरेतून बाहेर आलेले पांढरे दोरे दाखवले. ते मी तळीवरच्या कवचांतही पाहिले होते आणि कोळ्याचे जाळे असेल असे समजले होते. ते अळीच्या श्वासनलिकांचे आतले अस्तर असते. शरीराच्या आतल्या नळ्यांचीसुद्धा कात निघते! शेजारी बसलेले वाळपईचे एक निवृत्त पोस्टमन हे ऐकून बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावले.

मग आला मुखवटा. अळीचा खालचा ओठ लांब, सांध्यात दुमडलेला आणि तोंडाखाली घडी घालून ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आले की पापणी लवायच्या आत तो पुढे फेकला जातो आणि टोकाच्या आकड्यांनी भक्ष्य पकडले जाते. ओल्या कातीत टाचणीने तो हळूच पुढे ओढला तर पूर्ण उघडतो. ओळख इथूनच सुरू करायची. ओठ चपटा आहे की चमच्यासारखा खोलगट, तोंडावर झाकण लावल्यासारखा? खोलगट असेल तर ती बहुधा लिबेलुलिडी कुळातली, म्हणजे तळ्या-शेतांवर दिसणाऱ्या नेहमीच्या चतुरांची. चपटा असेल तर शिंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, पाहायच्या. त्या आखूड, जाड आणि चारच खंडांच्या असतील तर गोंफिडी, म्हणजे चिखलात-वाळूत गाडून घेणारे चतुर. चपट्या ओठाबरोबर लांबट सडपातळ शरीर आणि मोठे डोळे असतील तर एश्निडी. पाय कोळ्यासारखे लांब, ओठ खोलगट पण कडेला खोल दाते, आणि दोन डोळ्यांमध्ये शिंगासारखा उंचवटा असेल तर मॅक्रोमिडी. एवढ्या चार-पाच प्रश्नांवर कूळ हाती येते. दुपारपर्यंत पोस्टमनकाका माझ्याहून वेगाने कुळे सांगत होते.

टाचण्यांच्या काती वेगळ्या आणि नाजूक. चतुराच्या कातीला शेवटी पाच टोकांचा लहानसा पिरॅमिड असतो, टाचणीला पानांसारखी तीन शेपटे, आणि ती बरेचदा तुटलेली मिळतात. सत्तरीच्या व्हाळावर याचे दोन अपवाद एकाच सकाळी पाहायला मिळाले. एका कातीला तीनऐवजी दोनच काटे होते. ते क्लोरोसिफिडी कूळ, वाहत्या पाण्यावर रंगीत पंख मिरवणाऱ्या टाचण्यांचे. दुसरी कात मोठ्या ओल्या दगडाच्या बाजूला होती आणि तिच्या पोटाच्या दोन्ही कडांना कल्ल्यांचे झुबके होते. ते युफिइडी. असे कल्ले दुसऱ्या कोणत्याही टाचणीला मी पाहिले नाहीत, म्हणून ते कूळ मी आता विसरणे शक्य नाही.

जिवंत अळ्या फक्त एकदा, पांढऱ्या ट्रेमध्ये, पंधरा मिनिटे पाहिल्या आणि जिथून घेतल्या तिथेच सोडल्या. चतुराच्या अळीचे कल्ले आतड्याच्या शेवटच्या भागात असतात. ती मागून पाणी आत घेते आणि धोका वाटला की तेच पाणी जोराने मागे सोडून पुढे झेपावते. ट्रेमध्ये थोडी बारीक माती टाकली होती, त्यामुळे तो झोत मातीत उमटलेला दिसला. डासाची एक अळी तिच्यासमोर आली आणि नाहीशी झाली. सोळापैकी एकालाही ओठ बाहेर आलेला दिसला नाही, इतका तो वेग.

आता शिबिराच्या गाभ्याविषयी, कारण मला यातच सगळे पैसे मिळाले. पहिल्याच दिवशी मी सरांना विचारले होते की उडणारे चतुर मोजायचे सोडून कवचे कशाला शोधायची? उडणाऱ्यांना रंग आहेत, फोटो काढता येतो. ते म्हणाले, संध्याकाळी सांगतो. संध्याकाळी त्यांनी पावसाच्या अखेरीस आपल्या शेतांवर थव्यांनी येणाऱ्या पिवळट चतुराचे, पँटाला फ्लॅव्हेसेन्सचे उदाहरण दिले. हा भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातो असे मानले जाते. असा प्राणी माझ्या तळीवर दिसला, तर तो तिथला आहे की वाटेत थांबलेला, हे कसे कळणार? अंडी घालताना दिसला तरी ती जगली का, हे कळत नाही. पण भिंतीवर त्याची कात मिळाली की शंका संपते. अंडे फुटले, अळी त्या पाण्यात वाढली, तिला खायला मिळाले, पाणी आटले नाही, विषारी झाले नाही आणि ती चतुर होऊन गेली. ही सगळी साक्ष त्या अडीच सेंटिमीटर कवचात आहे. ज्या तळीला मी फक्त पोफळीला पाणी देणारी टाकी समजत होते, ती कोणाचे तरी घर आहे हे सिद्ध करण्याचे साधन माझ्या खराट्याखाली जात होते.

त्या रात्री पँटाला आणि त्याच्यासारखाच दुसरा चतुर ट्रेमिया यांच्या काती सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून दाखवल्या. दोघी एकाच कुळातल्या, दोघींच्या पोटाच्या कडांना लांब काटे. फरक शेवटच्या पिरॅमिडमध्ये. पँटालात वरचे मधले टोक खालच्या बाजूच्या दोन टोकांएवढे किंवा त्यांहून लांब असते, ट्रेमियात ते स्पष्ट आखूड. मला माझी पाळी आली तेव्हा हे एकदम दिसले आणि अंगावर काटा आला. शाळेत मुले पहिल्यांदा कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी पाहतात तेव्हा त्यांचा चेहरा कसा होतो ते मी दरवर्षी पाहते. या वेळी मी त्यांच्या जागी होते.

आता तक्रारी. सोळा जणांना तीन सूक्ष्मदर्शक हे फार कमी आहे. माझ्या वाट्याला दोन्ही दिवस मिळून वीस मिनिटेही आली नाहीत. जातीपर्यंत ओळखायचे तर भिंग पुरत नाही, सूक्ष्मदर्शक लागतोच. तुकडी दहाची करावी किंवा एखाद्या शाळेची प्रयोगशाळा भाड्याने घ्यावी. मी तसे लिहून दिले आहे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. काती ओळखण्यासाठी हातात दिलेली पत्रिका परदेशी होती. युरोपातल्या काती, युरोपातले फोटो आणि सगळे इंग्रजीत. शिकवणे मात्र मराठी-कोंकणीत आणि अतिशय सोपे, त्यामुळे पत्रिका उघडली की माणूस एकदम परका व्हायचा. पश्चिम घाटात चतुर-टाचण्यांच्या पावणेदोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येकांच्या अळ्यांचे वर्णन अजून कोणी केलेलेच नाही. फ्रेझर या लष्करी डॉक्टरने 1933 ते 1936 या काळात तीन खंडांत भारतातल्या चतुरांचे काम लिहून ठेवले, त्याचा पाया आजही वापरतात, पण तो मुख्यतः उडणाऱ्यांचा आहे. गोव्याचे नाव घेतलेली इडिओनिक्स गोमांतकेन्सिस ही जात तर 2013 मध्ये शास्त्राला माहीत झाली. अशा भागात शिबिर घेताना युरोपच्या पत्रिकेवर भागवणे बरोबर नाही. संशोधक मुलीने स्वतःच्या वहीत इथल्या कुळांची चित्रे काढली होती. ती बारा पाने झेरॉक्स करून दिली असती तरी पुरले असते. आम्ही मागितल्यावर तिने फोटो काढू दिले. माझ्याकडे आता तेच आहेत आणि मी तेच वापरते.

तारखाही चुकल्या. ऑक्टोबरात सत्तरीत संध्याकाळी गडगडाट होतोच. शनिवारी रात्री असा पाऊस कोसळला की रविवारी सकाळी नव्या पट्ट्यात चार गटांना मिळून नऊच काती मिळाल्या. आदल्या दिवशी 61 होत्या. सरांनी त्याचाही धडा केला, की पावसानंतरची मोजणी आणि कोरड्या आठवड्यानंतरची मोजणी एका तक्त्यात शेजारी ठेवून तुलना करायची नाही. धडा चांगला होता, पण नोव्हेंबरात तो तोंडीही सांगता आला असता. गोंफिडीची एकच कात मिळाली, व्हाळातल्या सपाट दगडावर आडवी, अंगभर चिखल चिकटलेली. त्यांतले बरेच पावसाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये बाहेर पडतात असे सरांनी सांगितले. त्यासाठी उन्हाळ्यात वेगळी तुकडी घ्यावी.

शेवटची तक्रार पायांची. पत्रात 'साधी चप्पल चालेल' लिहिले होते. ती चालत नाही. दगडांवर बुळबुळीत थर होता, आमच्यातली एक बाई घसरून मनगटावर पडली. सुदैवाने फक्त मुकामार लागला. मागे पट्टा असलेली रबरी सँडल किंवा गमबूट घ्या. जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी त्यांनी दिली होती, तिचा उपयोग झाला. बायकांना ओले कपडे बदलायला वेगळी खोली होती, जेवण घरचे होते, रात्री कुळागराच्या मालकीणबाई स्वतः विचारपूस करून गेल्या. या बाबतीत बोट ठेवायला जागा नाही.

पाचापैकी चार गुण देते. पत्रिका इथली केली आणि सूक्ष्मदर्शक वाढवले तर पाच देईन. बारावीच्या मुलांना, शेतकऱ्यांना, तळी-विहिरी सांभाळणाऱ्या कोणालाही हे झेपेल. ज्यांना पहिल्याच दिवशी जातीची नावे पाठ करायची आहेत त्यांची निराशा होईल. दोन दिवसांत कुळापर्यंत पोचता येते, काही ठिकाणी त्याच्या थोडे पुढे. तेवढे प्रामाणिकपणे येणे मला जास्त मोलाचे वाटते.

घरी आल्यावर मी तळीच्या दक्षिण भिंतीचा दहा मीटरचा पट्टा खुणा करून घेतला. दर दहा दिवसांनी सकाळी सात वाजता, अर्धा तास. डिसेंबरअखेरपर्यंत सहा खेपा झाल्या: 38, 22, 17, 9, 4, 1. पहिला आकडा बाकीच्यांसारखा नाही. चवथीनंतर तळी घासल्यापासून साठलेल्या त्या सगळ्या काती होत्या, पुढच्या प्रत्येक दहाच दिवसांच्या. बहुतेक लिबेलुलिडी. पँटालाच्या सहा मी खात्रीने सांगू शकते. त्याची अळी पाच ते नऊ आठवड्यांत वाढून निघते, म्हणजे घासल्यानंतर भरलेल्या पाण्यातसुद्धा तिचे सगळे बालपण उरकले असणे शक्य आहे. एक कात जवळपास पाच सेंटिमीटर लांब, चपट्या ओठाची, एश्निडी. पोटाखाली आठव्या-नवव्या खंडांवर अंडी घालायच्या अवयवाची खूण आहे, तेव्हा मादी. तिची जात मी लिहिलेली नाही. सरांना फोटो पाठवला आहे.

सगळ्या काती आगपेट्यांत ठेवल्या आहेत, एका खेपेची एक पेटी, आत चिठ्ठी. पुढच्या चवथीनंतर भिंत घासायची ती आधी पट्टा पाहून, असे घरात ठरले आहे. सासूबाई 81 वर्षांच्या आहेत. मी काय गोळा करते ते त्या रोज विचारायच्या. परवा त्यांनी ओट्यावरून एक करवंटी माझ्यापुढे केली. तिच्यात सात काती होत्या, एकीचाही पाय मोडलेला नव्हता. तळीच्या कोणत्या भिंतीवरच्या, कधी उचललेल्या, ते त्यांना आठवेना. त्या मोजणीत धरता येत नाहीत. मी त्यांची वेगळी पेटी केली आणि चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहिले: आईंनी आणल्या, जागा व तारीख नोंद नाही.